कोणत्या बोटीने जायचं?

दोन महिने झाले, रात्रीची भांडी आवरून झाली की आमच्या घरात एकच विषय निघतो. कोणती बोट? यंदा आमच्या निकाहाला वीस वर्षं होतील. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनीच कुठेतरी जायचं, मुलांना माझ्या अम्मीकडे ठेवायचं आणि जायचं ते बोटीने, इथपर्यंत एकमत झालं. पुढे गाडी अडली. माझ्या मिस्टरांचं मत सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘जेंटिंग ड्रीम’ला. माझं मत मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या, कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ला.

खरं तर हा दोघांचा मामला. पण सासूबाई, दीर, शेजारची खाला, शाळेतल्या मैत्रिणी असे सगळेच त्यात उतरले. त्यांचं ऐकता ऐकता मला जाणवलं की बोटीचं नाव बाजूलाच राहिलं आहे. नवरा-बायकोने काहीही कारण नसताना नुसतं एकत्र फिरायला जावं, ही गोष्टच आपल्याकडे अजून लोकांच्या पचनी पडत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात झाली ती कॅरिबियनपासून. मिस्टरांचे चुलत भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. ते आणि भाभी गेल्या वर्षी मायामीहून कॅरिबियन बेटांच्या क्रूझला गेले. त्यांच्यापुढेही दोन बोटी होत्या, एक मध्यम आकाराची जुनी आणि दुसरी ‘आयकॉन ऑफ द सीज’. ही दुसरी जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघाली तेव्हा जगातली सगळ्यात मोठी क्रूझ बोट होती. वीस मजले, पूर्ण भरली तर साडेसात हजार प्रवासी. त्यांनी अर्थातच मोठी निवडली. घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो येत होते. निळं पाणी, पांढरी वाळू, सहा-सहा घसरगुंड्या. भाभींना नंतर फोनवर विचारलं, कसं वाटलं? त्या हसून म्हणाल्या, “बोट बहुत बड़ी थी. आधा वक़्त तो हम एक-दूसरे को ढूँढते रहे.”

त्यांनी हे गमतीत सांगितलं, पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. मिस्टरांच्या डोक्यात मात्र घसरगुंड्या राहिल्या. अमेरिकेचा व्हिसा आणि विमानाचं तिकीट आमच्या पगारात बसण्यासारखं नाही, त्यामुळे कॅरिबियन बाद झालं आणि त्याची जागा सिंगापूरने घेतली.

मी माहिती काढायला लागले तेव्हा एक मजेशीर गोष्ट हाती लागली. मुंबईची ‘एम्प्रेस’ मुळात कॅरिबियनचीच बोट आहे. १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत ती रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी बांधली गेली. तेव्हा नाव होतं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मायामीहून बहामा बेटांपर्यंत तीन-चार रात्रींच्या छोट्या सहली करायच्या, याच कामासाठी तिचा आराखडा केला होता. पुढे तिचं नाव बदललं, काही वर्षं ती स्पेनच्या एका कंपनीच्या नावाखाली फिरली, २०१६ मध्ये परत आली आणि २०१७ पासून फ्लोरिडाहून क्युबाला जाऊ लागली. करोनाच्या काळात क्रूझचा धंदा बसला आणि ती विकली गेली. सप्टेंबर २०२१ पासून ती मुंबईहून सुटते. म्हणजे आपण कॅरिबियनला जाऊ शकलो नाही, पण कॅरिबियनची बोट बॅलार्ड पिअरला आली. मिस्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “सेकंडहँड आहे, असं सरळ सांग ना!”

त्यांचं म्हणणं चूक नाही. दोन्ही बोटी शेजारी ठेवल्या तर फरक मोठा आहे. ‘जेंटिंग ड्रीम’ २०१६ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गला बांधली. लांबी ३३५ मीटर. ‘एम्प्रेस’ची लांबी २११ मीटर. आपल्या मुंबईकरांच्या भाषेत सांगायचं तर ‘एम्प्रेस’ बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडी आखूड आणि ‘जेंटिंग ड्रीम’ पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडी लांब. एकीचं टनेज साधारण ४८ हजार, दुसरीचं दीड लाख. हे टनेज म्हणजे बोटीचं वजन नव्हे. बोटीच्या आतली एकूण जागा किती, यावरून तो आकडा काढतात. वर्गात मुलांना सांगते तसं सांगायचं तर ‘टायटॅनिक’चा आकडा ४६ हजारांच्या आसपास होता. म्हणजे आपल्याला जी छोटी वाटते ती ‘एम्प्रेस’ही ‘टायटॅनिक’पेक्षा किंचित मोठीच आहे.

मिस्टरांची बाजू आधी नीट मांडते, कारण ती मजबूत आहे. एक, बोट नवी आहे आणि बहुतेक खोल्यांना बाल्कनी आहे. जुन्या बोटीवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच, त्यामुळे गोव्याला जाताना आम्हाला खिडकीवर समाधान मानावं लागेल. दोन, ‘जेंटिंग ड्रीम’वर हलाल प्रमाणपत्र असलेलं रेस्टॉरंट आहे. मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूरचे मुसलमान प्रवासी भरपूर असल्यामुळे कंपनीने ही सोय मुद्दाम केली आहे. तीन, आयुष्यात एकदाच जायचं तर मोठ्या बोटीने का जाऊ नये?

चौथं कारण त्यांनी दहा-बारा दिवसांनी सांगितलं, तेही दिवा मालवल्यावर. म्हणाले, “तिकडे तुझ्यासारख्या स्कार्फ बांधलेल्या बायका खूप असतील. कोणी वळून बघणार नाही. इथल्या बोटीवर सगळे बघतील.”

त्यावर मी लगेच काही बोलले नाही. याकडे पुढे येते.

माझी बाजू सुरुवातीला निव्वळ हिशेबाची होती. शाळेतल्या बायकांच्या भिशीचे पैसे या वर्षी मला लागले, तेवढ्यात गोव्याची सहल बसते. सिंगापूरला जायचं तर बोटीचं भाडं वेगळं, विमानाचं वेगळं, व्हिसा वेगळा, बोट सुटण्याच्या आदल्या रात्रीचं हॉटेल वेगळं. आम्ही वहीत मांडलं तेव्हा सिंगापूरचा खर्च गोव्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला. शिवाय तीन रात्रींच्या बोटीसाठी जाणं-येणं धरून सहा दिवस. त्यातले दोन विमानतळावर जाणार. इथे घाटकोपरहून सीएसएमटीची लोकल पकडायची आणि पुढे टॅक्सी. दिवाळीपर्यंत आपल्याकडचा समुद्र शांत होतो. सिंगापूरला मात्र त्याच सुमाराला पावसाचे महिने सुरू होतात.

एवढ्यावर निकाल लागायला हरकत नव्हती. पण घरचे बोलायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, आधी उमरा करा, मग बोटी फिरा. यावर हसणं सोपं आहे, पण मी हसणार नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या मसलकमध्ये ऐपत असेल तर आयुष्यात एकदा उमरा करणं वाजिब मानतात. त्यामुळे सासूबाईंचं बोलणं वडीलधाऱ्यांची नेहमीची कुरकुर म्हणून उडवून लावता येत नाही. हजसाठी आम्ही वेगळं खातं उघडलं आहे आणि त्याला हात लावलेला नाही. मुलीचं कॉलेज संपलं की हज कमिटीचा अर्ज भरायचा विचार आहे. हजच्या त्याच सफरीत उमराही होईल. हे त्यांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार करून एवढंच विचारलं, “सिंगापूरच्या पैशात दोघांचा उमरा होतो का?” वहीतला आकडा पाहिला. जवळपास होत होता. “आणि गोव्याच्या?” नाही होत. “मग गोव्याला जा,” म्हणाल्या. माझ्या बाजूने पडलेलं पहिलं मत सासूबाईंचं, हे मला अजून खरं वाटत नाही.

दिराचा मुद्दा वेगळा. बोटीवर कॅसिनो असतो, दारू असते, अशा ठिकाणी जायचंच कशाला? गंमत म्हणजे त्याचा विरोध ‘एम्प्रेस’ला होता. ‘जेंटिंग ड्रीम’वर हलाल जेवण मिळतं हे कळल्यावर तो गप्प झाला. पण कॅसिनो त्या बोटीवरही आहे. त्या बोटीमागचं जेंटिंग हे नाव तर मलेशियात कॅसिनोच्या धंद्यानेच मोठं झालं. मुद्दा असा की प्रमाणपत्र मिळतं ते बोटीच्या एका मुदपाकखान्याला. बाकीचे मजले कुठल्याच बोटीवर आपल्यासाठी कोणी पाक करून ठेवत नाही. कॅसिनोच्या दारातून आत जायचं की पुढे जिन्याने डेकवर जायचं, हे दोन्ही बोटींवर आपल्यालाच ठरवायचं असतं. अंधेरीच्या मॉलमध्येही बार असतो. आपण तिथे चपला घ्यायला जातोच ना?

मग त्याने दुसरं काढलं. “तीच ना ती बोट? टीव्हीवर आली होती?” होय, तीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये या बोटीवर एनसीबीची धाड पडली आणि ज्या तरुणाच्या नावावरून देशभर महिनाभर चर्चा झाली, त्याच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हणून मे २०२२ मधल्या आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं. पहिली बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे. दुसरी सांगितली तर लोक म्हणतात, असं झालं होतं का? एका बातमीवरून आपण आख्ख्या बोटीला नाव ठेवायचं, आणि आपल्याबद्दल कोणी एका बातमीवरून मत बनवलं की मात्र दुखावलं जायचं, हे काही बरोबर नाही.

एवढं सगळं बोलून झालं तरी मूळ प्रश्न उरतोच. जायचंच कशाला? शेजारच्या खालांनी तो सरळ विचारला. “लग्न आहे का कोणाचं गोव्यात?” नाही. “मन्नत आहे का?” नाही. “मग?”

या “मग” ला उत्तर शोधताना मला माझी दादी आठवली.

आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठावरचं. आमच्या घरातले पुरुष तीन पिढ्या बोटीवर. कोणी खलाशी, कोणी टंडेल, कोणी भंडारी. कोकणातल्या कित्येक मुसलमान घरांची हीच कथा आहे. पुरुष वर्षातले दहा महिने समुद्रावर, बायका गावात मनीऑर्डरची वाट बघत. माझे दादा उभं आयुष्य मालवाहू बोटींवर राबले. त्यांना जगातली बंदरं पाठ होती. दादीने त्यांची एकही बोट आतून पाहिली नाही.

दादीला माहीत असलेली बोट म्हणजे मुंबईला नेणारी आगबोट. मचव्यातून खोल पाण्यात जायचं, मग शिडी धरून वर चढायचं, एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने बोचकं सांभाळत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत गोव्यापर्यंत जाणाऱ्या त्या बोटींच्या डेकवर चटई टाकून रात्र काढायची. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून नातेवाइकांसारखी आठवतात. दादीला पाण्याची भीतीही होती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे बोट नजरेआड होईपर्यंत बायका किनाऱ्यावर दुआ करत उभ्या राहायच्या.

आयुष्यात एकदाच दादी आणि दादा मिळून लांबच्या प्रवासाला गेले. हजला, बोटीने. तेव्हा मुंबईहून जेद्दाला मोगल लाईनच्या बोटी जात. या कंपनीची मुळं १८७७ पर्यंत जातात. काही वर्षं हजयात्रेकरूंना नेणारी आणि कोकणच्या चाकरमान्यांना नेणारी कंपनी एकच होती, हे आज कोणाला सांगितलं तर नवल वाटतं. १९८६ मध्ये ती सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९९५ मध्ये मुंबईहून शेवटची हजबोट गेली. त्यानंतर सगळे विमानाने जातात.

दादी हजची हकीकत खूपदा सांगायची. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय झालं, जमजमचं पाणी कसं आणलं, मिनाला गर्दीत चप्पल कशी हरवली. पण एक गोष्ट ती प्रत्येक वेळी सांगायची आणि ती मक्केची नव्हती, बोटीवरची होती. “तुझे दादा सारा सारा दिवस माझ्याजवळ बसायचे.” एवढंच. ज्या माणसाने चाळीस वर्षं बोटीवर काम केलं, तो पहिल्यांदा बोटीवर काम नसताना बसला होता. दोघं डेकवर बसायची आणि तो तिला समुद्र दाखवायचा. ही भरती, हा प्रवाह, तो अमुक तारा. तिला त्यातलं काही समजलं नसेल. पण तो बोलत होता आणि तिला ऐकायला वेळ होता.

आपल्याकडे बोट म्हणजे नेहमी काहीतरी कारण. पोटासाठी, हजसाठी, गावी जाण्यासाठी. कॅरिबियनलाही आपली माणसं पहिल्यांदा गेली ती सहलीला नाही. ‘फतेल रझाक’ नावाची बोट गिरमिटिया मजुरांना घेऊन कलकत्त्याहून निघाली आणि ३० मे १८४५ ला त्रिनिदादला पोचली. हिंदुस्थानी मजुरांना त्रिनिदादला नेणारी ती पहिली बोट. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना त्या नावात ‘रज्जाक’ लगेच ऐकू येतो, रोजी देणारा. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेली सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती ती. त्यातले हिंदू होते तसे मुसलमानही होते. आज ज्या समुद्रात लोक हनिमूनला जातात, तिथे आपले पूर्वज रोजीसाठी गेले होते.

म्हणून खालांच्या “मग?” ला माझं उत्तर असं आहे. या वेळी कारण नाही, आणि नसलेलंच बरं. वीस वर्षांत आम्ही दोघांनी जेवढा प्रवास केला तो लग्नांना, मयतीला, गावी, दवाखान्यात किंवा मुलांच्या परीक्षांना. एकमेकांच्या शेजारी बसलो, पण बोललो ते मुलांबद्दल आणि हप्त्यांबद्दल. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना मी पालकसभेत भेटते. चाळिशीच्या बायका. तुम्हाला कुठे जायला आवडेल, असं आजवर त्यांना कोणी विचारलेलं नसतं. एकीला मी सहज विचारलं तर ती गोंधळून म्हणाली, “हे जिथे नेतील तिथे.” हे उत्तर नम्र आहे, पण मला ते ऐकून वाईट वाटलं. कारण “हे” कुठेच नेत नाहीत, हे तिला आणि मला दोघींना माहीत होतं.

जोडप्याने बोट निवडताना ब्रोशरमध्ये काय काय आहे ते मोजू नये, असं आता माझं मत झालं आहे. त्या बोटीवर आपल्या दोघांना एकमेकांसाठी किती वेळ उरणार आहे, ते मोजावं. घसरगुंड्या, दोरीवरचे खेळ, बोलिंग, दहा-बारा खाण्याच्या जागा हे सगळं मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी चांगलं आहे. मुलं बरोबर असती तर मीच सिंगापूरला मत दिलं असतं. पण दोघंच जाणार असू, तर ज्या बोटीवर करण्यासारखं कमी ती आमच्यासाठी बरी. ‘एम्प्रेस’वरही रात्री गाण्याचे कार्यक्रम असतात, पोहण्याचा तलाव आहे, पण ती एवढी मोठी नाही की भाभींसारखं एकमेकांना शोधत बसावं लागेल. दोन रात्री, एक समुद्र, दोन खुर्च्या.

आता मिस्टरांचं चौथं कारण. इथल्या बोटीवर लोक बघतील.

बघतील. नाही बघणार असं मी म्हणणार नाही. तलावाच्या कडेला पूर्ण बाह्यांचा ड्रेस आणि स्कार्फ घातलेली बाई बसली की दोन-चार माना वळतात. पण घाटकोपरच्या मेट्रोतही वळतात, बँकेतही वळतात, आणि मी शुद्ध मराठीत बोलायला लागले की पुन्हा एकदा वळतात. म्हणून मी मेट्रोने जायचं सोडलं नाही. लोक बघतील म्हणून आपण एकेक जागा सोडत गेलो, तर काही दिवसांनी त्या जागा आपल्या नव्हत्याच असं आपली मुलं समजतील. सिंगापूरच्या बोटीवर मला कोणी बघणार नाही हे खरं. पण जी बोट माझ्या शहराच्या धक्क्यावरून सुटते, माझ्या दादीच्या गावासमोरून जाते, त्या बोटीवर मी का नसावं? आणि खरं सांगायचं तर पहिल्या तासाभरात लोक बघतात, नंतर आपापल्या बटाटेवड्यात गुंग होतात. मुंबईच्या माणसाला दुसऱ्याकडे फार वेळ बघायची फुरसत नसते.

हे मी मिस्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मला तुझी काळजी वाटते.” मी म्हटलं, “काळजी आहे तर माझ्या शेजारी बसा.” त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांच्या घरी अशीच चर्चा चालू असेल, त्यांच्यासाठी आम्ही शिकलेल्या चार गोष्टी सांगते. पहिली, जाहिरातीतलं भाडं हे पूर्ण भाडं नसतं. बंदराचे पैसे, कर, नोकरवर्गाची बक्षिसी हे सगळं धरून दोघांचे शेवटी किती, ते लेखी घ्या. रद्द केलं तर किती कापणार तेही. दुसरी, मळमळण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली खोली मागा. तिथे हेलकावे कमी जाणवतात. महागडी वरची खोली घेऊन दोन दिवस आडवं पडण्यात अर्थ नाही.

तिसरी, जेवण. हलाल आहे का, हे फोनवर विचारलं की समोरचा हो म्हणतोच. ईमेलवर विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. आम्ही ठरवलंय की खात्री मिळाली नाही तर शाकाहारी आणि मासळी. आम्हा शाफईंना कोळंबीचीही अडचण नाही, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येणार नाही. नमाजचं म्हणाल तर मुसाफिराला कसर आहेच, आणि आमच्यात प्रवासात जोहर-असर, मगरिब-इशा एकत्र पढायचीही मुभा आहे. बोट वळली की किब्ल्याची दिशा बदलते, त्यामुळे प्रत्येक वेळी पुन्हा बघावी लागते. उभं राहून चक्कर येत असेल तर बसून पढावी. दीन इतका सोपा असताना आपण तो अवघड करून घरी बसतो.

चौथी, बोट सुटण्याआधी सगळ्यांना जमवून सुरक्षेची माहिती देतात, लाइफ जॅकेट कुठे, आपली जमायची जागा कोणती. लोक तेव्हा सेल्फी काढत असतात. तसं करू नका. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर जगाने हे नियम केले, आणि ‘रामदास’ ज्यांच्या घरात आठवते त्यांना तर त्याचं महत्त्व सांगायला नको. आणि मोबाइल समुद्रात गेला की फ्लाइट मोडवर टाका. बोटीवरच्या नेटवर्कचं रोमिंग लागलं तर बिल पाहून घेरी येईल. फोन बंद राहिला तर फायदाच आहे, नाहीतर दोघं दोन पडद्यांत बसून गोव्याला जाऊन याल.

मागच्या शुक्रवारी आमचं बुकिंग झालं. ‘एम्प्रेस’, खिडकीवाली खोली. मिस्टरांनीच केलं, मला न सांगता, आणि संध्याकाळी कागद माझ्या हातात दिला. त्यांनी हार मानली असं मी समजत नाही. हजचं झालं, मुलांची शिक्षणं झाली आणि अल्लाहने ताकद दिली तर एकदा मोठ्या बोटीनेही जाऊ, असं मी कबूल केलं आहे. त्या वेळी बाल्कनी त्यांची.

कागदावर सुटण्याची वेळ पाहिली आणि मी नकाशा काढून बसले. रात्री कधीतरी बोट दाभोळसमोरून जाईल. खाडीच्या तोंडाशी टोळकेश्वराचं दीपगृह आहे. बोट किनाऱ्यापासून किती लांबून जाते आणि तो दिवा दिसतो की नाही, मला माहीत नाही. मिस्टरांना म्हटलं, त्या वेळी आपण डेकवर जाऊन बसू. ते म्हणाले, “रात्री दीडला?” मी म्हटलं, “हो. दुसरं काय काम आहे आपल्याला?”